घोड्याची चंदी आणि रयतेची ज्वारी : बुलढाणा परिसरातील अश्वपालनाचा एक ऐतिहासिक विचार

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन आपल्याकडे विपुल झालेले आहे. लढायांच्या तिथी निश्चित झाल्या, सरदारांच्या वंशावळी लागल्या, तहांची कलमे छापली गेली. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर बसून हा सारा इतिहास घडविला गेला, ते जनावर रोज काय खात होते, ते खाणे कोणाच्या शेतात पिकत होते आणि त्याचे मोल अखेरीस कोण देत होते, ह्या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. घोड्याची निगा हा मोतद्दाराचा विषय आणि स्वारी हा इतिहासकाराचा, अशी एक विभागणी आपण नकळत मान्य करून टाकली आहे. ही विभागणी टिकण्यासारखी नाही. घोड्याचे पोट, त्याचा स्वभाव आणि त्याची शिकवण ह्यांचे ज्ञान हे त्या काळच्या राज्यकारभाराचे एक प्रमुख अंग होते. जेथे घोड्याच्या दाणावैरणीचा हिशेब राज्याने स्वतः ठेवला, तेथे रयत तगली. जेथे तो हिशेब मुलुखावर सोपविला गेला, तेथे मुलूख उजाड झाला. हे विधान बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवर पडताळून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

ह्या कामासाठी बुलढाणा जिल्हा निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. उत्तरेस मलकापूर, जळगाव जामोद, खामगाव, शेगाव ह्या बाजूचा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा पयनघाट. आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवर व तिच्या दक्षिणेस चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ह्या बाजूचा बालाघाट. पैनगंगेचा उगम ह्याच डोंगरात होतो. दक्षिणेकडील पूर्णा, म्हणजे खडकपूर्णा, गोदावरीस मिळते, तर पयनघाटातील पूर्णा तापीस मिळते. बऱ्हाणपूर आणि औरंगाबाद ह्या मोगलांच्या दख्खनमधील दोन प्रमुख ठाण्यांच्या मधोमध व किंचित पूर्वेस हा प्रदेश येतो. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांस तो जवळचा होता, आणि तेथे घोड्यास लागणाऱ्या तीनही गोष्टी मिळत : काळ्या जमिनीतील ज्वारीचा कडबा, रब्बीचा हरभरा आणि डोंगरउतारावरील गवत. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत मेहकर हे एक स्वतंत्र सरकार म्हणून नोंदलेले आहे.

ह्या जिल्ह्यातील रणक्षेत्रांची यादी पाहिली की तिच्यातील घोडदळाचे प्राबल्य डोळ्यांत भरते. रोहिणखेड येथे १४३७ साली बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखान फारुकीचा पराभव केला. हा खलफ हसन मूळचा परदेशी व्यापारी असून ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती हा किताब मिरवीत होता. त्याच रोहिणखेडला १५९१ च्या मे महिन्यात बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षाने जमालखानाचा निःपात केला. साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानास ठार करून दख्खनची स्वतंत्र सत्ता मिळविली आणि गावास फत्तेखेर्डा हे नाव दिले. सिंदखेडास डिसेंबर १७५७ मध्ये पेशव्यांच्या फौजेने निजामाशी झुंज दिली. ह्या चार प्रसंगांपैकी साखरखेर्डा व सिंदखेड हे दोन दसऱ्यानंतरच्या हंगामात घडले, आणि रोहिणखेडचा १५९१ चा प्रसंग ऐन उन्हाळ्यात घडला. हा फरक केवळ योगायोगाचा नाही, हे पुढे दिसेल.

२

घोड्याच्या शरीररचनेसंबंधी आजच्या पशुवैद्यकास जे ठाऊक आहे, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण त्यावाचून जुन्या कागदांतील पुष्कळ सूचनांचा अर्थ लागत नाही. घोडा हा गवत खाणारा प्राणी असला तरी तो गाईबैलाप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते; त्यात ८ ते १५ लिटरच मावते. चाऱ्याचे खरे पचन मागच्या मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जंतूंच्या साह्याने होते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ थोडेथोडे चरत राहतो. त्यास एकदम पुष्कळ दाणा घातला तर न पचलेले पिष्ट मागच्या आतड्यात जाऊन आंबते. त्यातून पोटशूळ उठतो, खुरांच्या आतील भागास दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होतो. घोड्यास ओकारी होत नाही. पोटात गेलेली चूक त्याला बाहेर टाकता येत नाही.

साधारणतः वजनाच्या शेकडा दीड ते अडीच इतका सुका चारा-दाणा त्याला रोज लागतो. दख्खनी तट्टू ३०० किलो वजनाचे धरले तर हा रोजचा आहार सुमारे ६ किलो होतो. पाणी २० ते ३० लिटर लागते आणि उन्हात चाल असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. कडब्यात तंतू असतात, पण प्रथिन फार थोडे. ती उणीव हरभरा व कुळीथ ह्या द्विदल धान्यांनी भरून निघते. ‘चंदी’ हा शब्द आपल्या भाषेत घोड्याच्या दाण्यालाच राखून ठेवलेला आहे, ह्यावरून तिचे महत्त्व ध्यानी यावे.

आता हाच हिशेब फौजेस लावून पाहू. सिंदखेडचे लखुजी जाधवराव १६२१ च्या सुमारास निजामशाही सोडून मोगलांस मिळाले, तेव्हा ते व त्यांचे कुटुंबीय मिळून एकूण २४,००० जात व १५,००० स्वार इतकी मनसब त्यांच्याकडे झाली. मनसबीचा आकडा आणि प्रत्यक्ष घोडी ह्यांत मोठे अंतर असे. म्हणून आपण एक तृतीयांशच, म्हणजे ५,००० घोडी धरू. रोज ६ किलोप्रमाणे ही घोडी दिवसास ३० टन चारा-दाणा खातील. पावसाळ्याच्या १२० दिवसांत हा आकडा ३,६०० टनांवर जातो. कोरडवाहू ज्वारीचा एकरी एक टन कडबा धरला, तरी साडेतीन हजार एकरांहून अधिक शेताची वैरण केवळ घोडी ठाणावर बांधून ठेवण्यास हवी. ही घोडी एकाच परगण्यात कधी राहत नसत हे खरे. पण ती जेथे राहिली तेथे गावच्या बैलांच्या तोंडची वैरण त्यांनी खाल्ली, हेही तितकेच खरे. जो शेतकरी बैलाला वैरण घालू शकला नाही, त्याची पुढच्या मृगाची पेरणी अडली.

३

घोड्याविषयीचे शास्त्र आपल्या देशात प्राचीन आहे. शालिहोत्राचे नाव त्याच्या आरंभी येते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अश्वक्रीडेस ‘वाजिवाह्याली’ ह्या नावाने स्वतंत्र स्थान मिळाले. नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली सचित्र प्रसिद्ध केले. तंजावरच्या मराठी राजांच्या ग्रंथसंग्रहात असा ग्रंथ असावा, हे औचित्यपूर्णच होय.

तथापि शिलेदाराने हे ग्रंथ वाचले होते असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यापर्यंत पोहोचला तो ग्रंथ नव्हे, तर शब्द. घोड्याच्या वैद्यास मराठीत ‘सलोत्री’ म्हणतात. त्या शब्दात शालिहोत्र जिवंत राहिला आहे. चाबूकस्वार, मोतद्दार, नालबंद, खरारा, तोबरा, आगाडी, पिछाडी, खोगीर हा सगळा शब्दसंभार संस्कृत, फारसी व देशी अशा तीन वाटांनी आलेला आहे, आणि तो ज्ञानाच्या त्या त्या वाटांचाच पुरावा आहे. घोडा का अडला, पान का सडले आणि भाकरी का करपली, ह्या तिन्ही प्रश्नांस ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारा उखाणा घरोघर ठाऊक आहे. अश्वशिक्षणाचे पहिले सूत्र, म्हणजे रोजची रपेट चुकवू नये हे, अशा रीतीने स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते.

असे स्थानिक ज्ञान नसले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने नोंदविले आहे. पांड्य देशात समुद्रमार्गे दरवर्षी मोठ्या संख्येने घोडे येत आणि त्यांतील बहुतेक निगेअभावी मरत. त्यांस मांस घालून शिजविलेला भात चारीत, असे तो सांगतो. अरबी घोडा विकत घेता येतो. त्याला जगविण्याचे ज्ञान विकत मिळत नाही. अबुल फज्लने घोड्यांची वर्गवारी करताना इराकी व तुर्की घोड्यांना वरची आणि जंगला व तट्टू ह्यांना खालची जागा दिली. परंतु कडब्यावर तगणारे, डोंगर चढणारे आणि एका मूठभर चंदीवर चाल करणारे हेच तट्टू पुढे मोगलांच्या भारी घोड्यांस पुरून उरले. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा हा त्याच वळणाचा. अलीकडच्या वर्षांत त्याची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे.

४

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात दोन गोष्टी विशेष मननीय आहेत. पहिली, पागेतील दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल ह्या दोन वस्तूंची इतकी काटेकोर तरतूद ज्या व्यवस्थेत आहे, ती घोड्याची गरज जाणणाऱ्यांनी केलेली आहे, हे उघड आहे. दुसरी, वर्षाची विभागणी. पावसाळ्यात फौजेने छावणीस यावे; तेथे दाणा, वैरण, औषधे व गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध असावीत; आणि दसऱ्यास कूच करावे.

ह्या विभागणीचे कारण सामान्यतः नद्यांना उतार नसणे हे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. आषाढ-श्रावणात शेतात ज्वारी कोवळी असते, आणि कोवळ्या ज्वारीच्या पानांत जनावरास घातक असे हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. मागील सालचा कडबा संपत आलेला असतो. ह्याच्या उलट दसऱ्यानंतर खरिपाची ज्वारी दाणा धरते, धाटे पक्व होऊन हे विष उणावते आणि गवत कापणीस येते. म्हणजे शिलंगणाचा मुहूर्त हा घोड्याच्या आहाराच्या दृष्टीनेही वर्षातील उत्तम मुहूर्त होता. पंचांगाचा आणि वैरणीचा मेळ असा बसलेला होता.

छावणीच्या चार महिन्यांत काय दक्षता घ्यावी लागे, हे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या तळावरील जुमलेदार, हवालदार व कारकून ह्यांस महाराजांनी पाठविलेल्या पत्रातून कळते. हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी नेहमी उद्धृत केले जाते. ते प्रथमतः दाणावैरणीच्या नियोजनाचे पत्र आहे, हे मात्र विसरले जाते. त्यातील युक्तिवाद असा : साठा मोठ्या प्रयासाने जमविला आहे. आज मनास येईल तसा उधळला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारिली असे होईल. मग शिपाई कुणब्याच्या घरातील दाणा, भाकर, गवत, लाकूडफाटा काढू लागतील. जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही परागंदा होतील. त्यांस तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. पुढे आगीविषयी इशारा आहे. गवताजवळ चुली पेटवू नयेत, तंबाखू ओढू नये, दिवा जळत ठेवू नये; कारण उंदीर जळती वात ओढून नेईल आणि एकदा गवत जळाले की घोडी वाचवायला काही उरणार नाही.

उंदराने वात नेण्यापर्यंत विचार करणारा राज्यकर्ता आणि घोड्याचे तोबरे स्वतः मोजणारा अश्वपाल ह्यांत येथे भेद उरत नाही. उधळपट्टी, उपासमार, लूट आणि रयतेचे परागंदा होणे, ही कार्यकारणाची साखळी त्या पत्रात अत्यंत स्पष्टपणे मांडलेली आहे. पुढील शतकातील घटनांचा अर्थ लावण्यास तीच साखळी उपयोगी पडते.

५

ह्या दृष्टीने जिल्ह्यातील प्रसंगांकडे पुन्हा पाहावे. १५९१ च्या रोहिणखेडच्या लढाईचे फिरिश्त्याने जे वर्णन केले आहे, त्यात जमालखानाची फौज कडक उन्हात घाटाची अवघड वाट चालून, पाण्यावाचून व्याकुळ होऊन रणभूमीवर आल्याचे दिसते. मे महिन्यातील वऱ्हाडचे ऊन, घाटाची उतरण आणि तहानलेले घोडे एवढे ध्यानात घेतले म्हणजे लढाईचा निकाल पहिली गोळी सुटण्यापूर्वीच निम्मा लागला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

बाजीरावाची १७२७-२८ ची मोहीम ह्याच्या अगदी उलट होय. नोव्हेंबर १७२७ च्या सुमारास त्याची घोडी जालना व सिंदखेड ह्या बाजूस होती. तेथून माहूर, मंगरूळ, वाशीम असे वळण घेऊन तो खानदेशातून गुजरातेत गेला. आणि परत फिरून फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस त्याने पालखेडास निजामाला दाणापाण्यावाचून कोंडले. ह्या चालीच्या वेगाचे कौतुक सर्वांनी केले आहे. ती ज्या महिन्यांत झाली ते महिने पाहा : कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे ज्वारीची कणसे शेतात उभी असल्यापासून हरभरा हाती येईपर्यंत. तोफखाना आणि बुणगे मागे नसल्यामुळे फौज रोज नव्या गावच्या वैरणीवर उतरत होती. घोड्याला थोडे थोडे, वारंवार आणि ताजे खाणे मिळत होते, आणि ते त्याच्या पोटाच्या रचनेस मानवणारे होते. निजामाची भारी फौज एका जागी थांबली आणि तिचा साठा तुटला. पालखेडचा विजय ज्या वैरणीवर मिळाला, तिच्यात सिंदखेड परगण्यातील ज्वारीचाही वाटा होता. आणि ती ज्वारी कोणी विकत घेतलेली नव्हती.

हेच सूत्र तेहेतीस वर्षांनी मराठ्यांवर उलटले. पानिपतास १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत फौज एका जागी खिळली. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. घोडी उपासाने मेली आणि उरली ती कृश झाली. चालत राहण्यावर ज्यांचे पोषण आणि ज्यांची युद्धपद्धती दोन्ही अवलंबून होती, ती घोडी खंदकाआड बांधली गेली.

१७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडास रामचंद्र जाधवांस मराठ्यांनी वेढले आणि त्यांच्या साह्यास निजामअली आला. तहात पेशव्यांस २५ लक्षांचा मुलूख व नळदुर्ग मिळाला. ह्या आकड्यात सिंदखेडच्या रयतेने गमावलेल्या पिकाची नोंद नाही. जिजाबाईंचे जन्मस्थान असलेले, लखुजींच्या वैभवकाळी गजबजलेले हे गाव शतकभर फौजांच्या वाटेवर राहिले. १८०३-०४ च्या दुष्काळात जनरल वेलस्ली ह्या मुलखातून गेला, तेव्हा त्याने आपल्या पत्रात ह्या गावाचे वर्णन चोरांचा अड्डा असे केले आणि माणसे शेकड्यांनी उपासमारीने मरत असून त्यांना आधार देणारे सरकारच नसल्याचे नमूद केले. तो स्वतः आक्रमक फौजेचा सेनापती होता, हे लक्षात ठेवूनही ह्या साक्षीचे मोल कमी होत नाही. जे गाव पिढ्यान् पिढ्या घोड्यांची चंदी पुरवीत आले, त्याच्यापाशी दुष्काळात माणसांसाठी काही शिल्लक नव्हते. अवर्षण हे त्या दुष्काळाचे एक कारण असेल. कोठारे आधीच रिकामी असणे हे दुसरे.

६

येथे शिलेदाराच्या स्थितीचा विचार केला पाहिजे, कारण घोड्याचा खरा मालक तोच. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याची स्वतःची दौलत. घोडा मेला तर शिलेदाराचा रोजगार बुडे. म्हणून तो घोड्यास जपे. आणि म्हणूनच कधी कधी निकराच्या हल्ल्यात त्यास झोकून देण्यास कचरे. सभासदाच्या वर्णनात पागेला शिलेदारांवर वरचष्मा दिलेला आहे, त्याचे एक कारण हेच असावे. मालकीची भावना घोड्याच्या प्रकृतीस हितकारक, पण सेनापतीच्या योजनेस अडचणीची असा हा पेच होता.

घोडा हा कळपात राहणारा आणि भिऊन पळणारा प्राणी आहे. निसर्गतः धोका दिसताच पळून जाणे हे त्याचे संरक्षण. अशा प्राण्यास गर्दीत, गलक्यात आणि भाल्यांच्या समोर स्थिर राखणे हे मारून होत नाही. ते रोजच्या सवयीने, हळूहळू होते. चाबूकस्वार घोडा फेरीत असे. कदम, दुडकी, भरधाव ह्या चाली शिकवी. भाला उजव्या हाती असल्यामुळे डाव्या हातातील लगामाच्या किंचित इशाऱ्यावर आणि मांडीच्या दाबावर घोडा वळला पाहिजे, हा ह्या शिकवणीचा कळस होता. खरारा व मालीश ह्यांचा उपयोग अंग स्वच्छ राखण्याइतकाच घोड्यास माणसाच्या हाताची ओळख पटविण्यासाठीही होता. ह्या सर्व कामास वेळ लागे, आणि तो वेळ छावणीचे चार महिने देत. उत्तरकाळी फौजा पावसाळ्यातही दूर देशी राहू लागल्या. तेव्हा वैरणीबरोबर शिकवणीचेही वेळापत्रक मोडले.

७

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६७ पर्यंत रेल्वे मलकापूर-शेगाववरून नागपुरास पोहोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. काळी जमीन कापसाखाली जाऊ लागली आणि घोडा युद्धातून निघून टांग्यास व नवरदेवाच्या वरातीस जुंपला गेला. देशभरातील घोडे व तट्टे २०१२ च्या पशुगणनेत ६.२५ लक्ष होते. २०१९ च्या गणनेत ते ३.४ लक्षांच्या आसपास आले. आज जिल्ह्यात जो कोणी घोडा बाळगतो, त्याला जुना हिशेबच पुन्हा करावा लागतो : कडब्याबरोबर हरभरा किती, पाणी केव्हा, रपेट रोज झाली की नाही. वरातीच्या हंगामात राबवून उरलेले वर्ष खुंटीला बांधलेला घोडा अडतो आणि लंगडतो, त्याचे कारण उखाण्यात आहे तेच आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास ह्यातून एक पद्धतिविषयक बोध घेता येईल. मोहिमेचा नकाशा काढताना त्यावर पिकांचे पंचांग मांडावे, फौजेच्या संख्येस घोड्याच्या आहाराने गुणावे, आणि येणारा आकडा वाटेवरील गावांच्या शेतांत शोधावा. देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतील दाणावैरणीच्या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी मग बोलू लागतील. चिपळूणच्या तळावरील पत्राचा कर्ता हे गणित जाणत होता. घोडा जगला पाहिजे आणि कुणबीही राहिला पाहिजे, ह्या दोन अटी त्याने एकत्र घातल्या. पुढच्या काळात पहिली अट पाळली गेली आणि दुसरी सुटली. सिंदखेडची ओसाडी ही त्या सुटलेल्या अटीची नोंद आहे.